मोटारवाहनातील गिअर तेलाचा बदल

गिअर तेलाचा बदल म्हणजे मोटारवाहनाच्या गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल या भागांतील जुने तेल काढून त्या जागी उत्पादकाने नेमून दिलेल्या प्रतीचे नवे तेल योग्य प्रमाणात भरणे होय. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या या भागांना एकत्रितपणे शक्तिपारेषण यंत्रणा म्हणतात. इंजिन तेलाच्या तुलनेत गिअर तेल फार क्वचित बदलावे लागते. त्यामुळे ते बदलायचे राहून जाणे, भलत्याच प्रतीचे तेल भरले जाणे किंवा काम न होताच त्याची नोंद होणे, हे दोष वाहनधारकाच्या लवकर लक्षात येत नाहीत. लक्षात येतात तेव्हा बहुधा गिअरबॉक्स दुरुस्तीला आलेला असतो, आणि इंजिनाखालोखाल तोच वाहनाचा सर्वांत महागडा भाग असतो.

हे काम वाहनधारकाने स्वतः करावे की अधिकृत विक्रेत्याच्या सेवा केंद्रावर सोपवावे, हा अमेरिकेत अनेक दशके चर्चिला गेलेला प्रश्न आहे. भारतातही वाहनाची हमी, सुट्या भागांची उपलब्धता आणि ग्राहकाचा दुरुस्तीचा हक्क यांच्या संदर्भात तो पुढे आला आहे.

तेलाचे कार्य

गिअरबॉक्समधील दंतचक्रांचे दाते एकमेकांवर मोठ्या दाबाने घासत फिरतात. धातूवर धातू थेट घासू नये म्हणून त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राखणे, हे गिअर तेलाचे पहिले कार्य होय. याखेरीज हे तेल घर्षणाने निर्माण झालेली उष्णता कवचापर्यंत वाहून नेते, झिजेचे सूक्ष्म कण दात्यांपासून दूर नेते आणि आतील पृष्ठभागांना गंजण्यापासून वाचवते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाला आणखी दोन कामे करावी लागतात. झडपा व पिस्टन चालवणारा द्रव म्हणून ते दाब पोहोचवते, आणि आतील क्लचपट्ट्यांची पकड किती व कशी असावी हेही त्याच्या गुणधर्मांवर ठरते.

इंजिन तेलात ज्वलनातून येणारी काजळी व आम्ले मिसळतात, तशी ती गिअर तेलात मिसळत नाहीत. म्हणून ते दीर्घकाळ टिकते. तथापि उष्णतेमुळे त्याचे ऑक्सिडीकरण होतच असते. तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की ही क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते, असा रसायनशास्त्रातील स्थूल नियम आहे. तेलात घातलेली रसायने हळूहळू खर्ची पडतात आणि धातूची बारीक चुरी साठत जाते.

तेलांचे प्रकार

गिअर तेलाचा जाडपणा अमेरिकेतील एसएई या अभियंता संस्थेच्या मानकानुसार ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ८५डब्ल्यू-१४० अशा अंकांनी दर्शवतात. हे अंक इंजिन तेलाच्या अंकांशी ताडून पाहता येत नाहीत, कारण दोन्ही तेलांसाठीच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ७५डब्ल्यू-९० प्रतीचे गिअर तेल प्रत्यक्षात १०डब्ल्यू-४० प्रतीच्या इंजिन तेलाच्या जवळपास तेवढेच जाड असते.

जाडपणाइतकाच महत्त्वाचा दुसरा निकष म्हणजे जीएल-४, जीएल-५ अशा संज्ञांनी दाखवला जाणारा कार्यदर्जा. डिफरन्शियलमधील हायपॉइड दंतचक्रांचे दाते एकमेकांवरून मोठ्या प्रमाणात घसरत फिरतात. त्यांच्यासाठी गंधक व फॉस्फरस यांची संयुगे अधिक प्रमाणात असलेले जीएल-५ तेल लागते. हेच तेल जुन्या रचनेच्या हस्तचलित गिअरबॉक्समध्ये भरल्यास पितळी सिंक्रोनायझर कड्यांना त्रासदायक ठरू शकते. या कड्यांचे कामच मुळी घर्षणावर चालते. तेल जास्त निसरडे असेल तर गिअर पडताना खडखड होते. यावरून, वरच्या क्रमांकाचे तेल सर्वत्र अधिक चांगले असते, हा समज चुकीचा असल्याचे दिसून येते.

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल पातळ असते आणि गळती चटकन ओळखता यावी म्हणून त्यात बहुधा लाल रंग मिसळलेला असतो. सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये पोलादी पट्टा आणि कप्पी यांच्यातील पकड तेलावर अवलंबून असते. तेथे नेहमीचे स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल भरल्यास पट्टा घसरून कायमची हानी होऊ शकते. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचे तेलही स्वतंत्र असते.

भारतात सर्वाधिक वापरात असलेल्या दुचाकींची रचना याहून निराळी आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच व गिअर यांना एकच तेल पुरते. त्यावर जेएएसओ एमए ही संज्ञा असणे आवश्यक असते, कारण मोटारींसाठीच्या काही तेलांनी तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. गिअर नसलेल्या म्हटल्या जाणाऱ्या स्कूटरमध्ये मागच्या चाकाजवळ दंतचक्रांची एक लहान पेटी असते. तिच्यात साधारण १०० ते १२५ मिलिलिटर एवढेच स्वतंत्र तेल असते आणि ते बदलायचे अनेकदा विसरले जाते.

बदलाची मुदत

हस्तचलित गिअरबॉक्सचे तेल अनेक उत्पादक ४० ते ८० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलण्यास सांगतात. नेमकी मुदत वाहनाच्या मालक-पुस्तिकेत दिलेली असते आणि तीच प्रमाण मानली जाते. अवजड भार ओढणे, सतत घाटरस्त्यांवरून जाणे, शहरी वाहतुकीत वारंवार थांबणे, धूळ आणि कडक उन्हाळा यांना पुस्तिकेत कठोर वापर म्हटलेले असते व त्यासाठी कमी मुदत दिलेली असते. महाराष्ट्रातील शहरी व घाटातील बराचसा वापर या वर्णनात बसणारा आहे. साचलेल्या पाण्यातून वाहन गेल्यास तेलाची वेगळी तपासणी करावी लागते. तापलेले डिफरन्शियल अचानक थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते आणि हवेच्या नळीवाटे किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे तेल दुधाळ दिसते. ते मुदतीची वाट न पाहता बदलावे लागते.

काही मोटार कंपन्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल आयुष्यभरासाठी भरलेले असल्याचे सांगतात. येथे आयुष्य कोणाचे, हा वादाचा मुद्दा आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ या जर्मन कंपनीने आपल्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर ८ वर्षांनी बदलण्याची शिफारस केलेली आहे. मात्र त्याच कंपनीचे गिअरबॉक्स बसवणाऱ्या काही मोटार कंपन्यांच्या वेळापत्रकात हा बदल दाखवलेला नसतो. पहिल्या मालकाला त्याची झळ सहसा लागत नाही. जुनी मोटार विकत घेणाऱ्याला ती लागू शकते.

इतिहास

१९०८ ते १९२७ या काळात फोर्ड कंपनीने मॉडेल टी या मोटारीच्या दीड कोटी प्रती तयार केल्या. तिच्या गिअरबॉक्सला इंजिनाचेच तेल मिळत असे. गावोगावी सेवा केंद्रे नसल्याने वंगण देणे, पट्टे आवळणे ही कामे मालकाने स्वतः करणे गृहीतच धरलेले होते. १९४० सालच्या ओल्ड्समोबिल मोटारींत जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स आणला. १९४९ मध्ये त्या कंपनीने अशा गिअरबॉक्सच्या तेलासाठी टाइप ए हे पहिले मानक ठरवले. त्या काळच्या तेलांत घर्षण नियंत्रित करण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल मिसळत. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर कृत्रिम पर्याय शोधावे लागले आणि तेलांची मानके पुन्हा पुन्हा बदलत गेली. पुढे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या प्रती ठरवल्या. एका गाडीचे तेल दुसरीला चालेल, हा भरवसा त्यामुळे उरला नाही.

घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांना छापील पुस्तिकांचा मोठा आधार मिळाला. ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या मोटारीवर पहिली दुरुस्ती-पुस्तिका प्रसिद्ध केली. मोटार पूर्ण सुटी करून व पुन्हा जोडून प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र देण्याची तिची पद्धत पुढे प्रसिद्ध झाली.

भारतात अ‍ॅम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मोटारींची देखभाल मुख्यत्वे ओळखीच्या मेकॅनिककडे होत असे. या मोटारींची मागची चाके फिरत असल्याने गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचे तेल वेगवेगळे असे. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढची चाके फिरत आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात सामावलेले होते. अशा रचनेत एकच तेल दोन्हींना पुरते. याच काळात कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रांचे जाळेही देशभर पसरू लागले.

स्वतः तेल बदलणे

हस्तचलित गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेल बदलण्याची कृती तत्त्वतः सोपी आहे. कवचाला खाली तेल सोडण्याचा ड्रेन प्लग आणि त्याच्या वर बाजूला तेल भरण्याचा फिलर प्लग असतो. कृतीचे मुख्य टप्पे असे :

* गाडी थोडा वेळ चालवून तेल कोमट करणे, म्हणजे ते सहज वाहते. लांबच्या प्रवासानंतर लगेच काम केल्यास कढत तेलाने भाजण्याचा धोका असतो.
* सपाट व टणक जमिनीवर गाडी उचलून चारही बाजूंना भक्कम जॅक स्टँड लावणे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते.
* प्रथम वरचा फिलर प्लग सैल करून पाहणे. हा क्रम महत्त्वाचा आहे. खालचे तेल आधी सोडून दिले आणि मग वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही.
* खालचा ड्रेन प्लग काढून तेल पूर्ण निथळू देणे आणि निघालेले तेल मोजणे.
* प्लगच्या चुंबकावर जमलेली चुरी तपासणे. राखाडी मऊ लगदा ही नेहमीची झीज असते. टोचणारे कण किंवा दात्याचे तुकडे दिसल्यास गिअरबॉक्स उघडून पाहणे आवश्यक असते.
* नवा वॉशर घालून ड्रेन प्लग पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळणे. कवच अ‍ॅल्युमिनियमचे असल्यास जास्त जोर लावल्याने त्यातील आटे निघून जातात.
* वरच्या छिद्रातून नळीने किंवा हातपंपाने नवे तेल भरणे. बऱ्याच रचनांत, गाडी समपातळीत असताना छिद्राच्या काठावरून तेल ओघळू लागले की पातळी पूर्ण झाली असे समजतात.

पातळी कमी राहिल्यास वरच्या दंतचक्रांना वंगण मिळत नाही. ती जास्त झाल्यास तेल घुसळून फेसाळते, तापते व सीलमधून बाहेर येते.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत ही कृती बरीच अवघड होते. अनेक नव्या गाड्यांत तेल मोजण्याची पट्टी नसते. गिअरबॉक्सच्या तेलाचे तापमान ठरावीक अंशांवर असताना, इंजिन चालू ठेवून पातळी पाहावी लागते आणि ते तापमान वाचण्यासाठी निदान-यंत्र जोडावे लागते. खालून तेल सोडले तरी टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल आतच राहते. एका खेपेला निम्मे किंवा त्याहूनही कमी तेल निघते, म्हणून काही जण थोड्या थोड्या अंतराने दोन-तीन वेळा बदल करतात. विद्युत मोटारींतही एक लहान दंतचक्र-पेटी व तिचे तेल असते. पण तेथे उच्च दाबाच्या विजेचा धोका असल्याने प्रशिक्षणाशिवाय काम करणे धोक्याचे ठरते.

स्वतः काम केल्याचा मोठा लाभ मजुरीच्या बचतीपुरता नसतो. जुने तेल कसे होते, चुंबकावर काय जमले होते आणि आत नेमके कोणते तेल किती गेले, हे मालकाला प्रत्यक्ष ठाऊक असते. तोटा असा की चूक झाल्यास तिची जबाबदारीही पूर्णपणे त्याचीच असते. शिवाय साधनांचा खर्च एका गाडीच्या क्वचित होणाऱ्या कामासाठी जड वाटू शकतो.

सेवा केंद्राकडून तेल बदलणे

अधिकृत सेवा केंद्राजवळ गाडी समपातळीत उचलणारी लिफ्ट, कंपनीचे निदान-यंत्र, त्या त्या मॉडेलची अद्ययावत तांत्रिक माहिती आणि नेमून दिलेले तेल असते. कामाची नोंद कंपनीच्या संगणकात राहते. हमीच्या काळात व पुढे गाडी विकताना ही नोंद उपयोगी पडते. केंद्राच्या चुकीने नुकसान झाल्यास भरपाई मागण्यासाठी बिल हा पुरावा असतो.

मर्यादाही कामाच्या पद्धतीतूनच उद्भवतात. अमेरिकेतील अनेक केंद्रांत कारागिराला प्रत्यक्ष तासांऐवजी कामागणिक ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात. काम लवकर उरकणाऱ्याला यात जास्त मिळकत होते, त्यामुळे घाईला उत्तेजन मिळते. सेवा विभाग हा विक्रेत्याच्या नफ्याचा मोठा स्रोत असल्याने पुस्तिकेत नसलेल्या कामांची शिफारसही होते. यंत्राच्या साहाय्याने सर्व तेल ढकलून काढण्याची महागडी सेवा हे त्याचे नेहमीचे उदाहरण असून काही उत्पादक या सेवेस स्पष्टपणे प्रतिकूल आहेत. काही गाड्यांत इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग जवळजवळ व सारखे दिसणारे असतात. नवखा कारागीर गिअरबॉक्सचे तेल सोडून इंजिनात नवे तेल भरतो, तेव्हा एकीकडे तेल दुप्पट होते व दुसरीकडे ते उरतच नाही.

सर्वांत मूळ अडचण दृश्यतेची आहे. गाडीचा टायर बदलला की दिसतो. डिफरन्शियलमधील तेल बदलले की नाही, हे बाहेरून दिसत नाही. यासाठी वाहनधारकाला काही साध्या गोष्टी करता येतात. बिलावर तेलाची प्रत व लिटरमधील प्रमाण लिहून घ्यावे आणि पुस्तिकेतील क्षमतेशी ताडून पाहावे. निघालेले तेल व प्लग दाखवण्याची मागणी आधीच नोंदवावी. परत आलेल्या गाडीच्या प्लगभोवती नव्याने पाना लागल्याच्या खुणा व ताजा वॉशर दिसतो का, तेही पाहता येते.

अधिकृत केंद्र आणि स्वतःचे हात यांच्यामधला तिसरा मार्ग म्हणजे परिचित स्वतंत्र गॅरेज. भारतात हमी संपलेली अनेक वाहने याच मार्गाने जातात. तेथे मालकाला समोर उभे राहून काम पाहता येते. मात्र तेलाची अस्सलता व प्रत यांची खातरजमा त्यानेच करावी लागते. नकली वंगणांचा धोका लक्षात घेऊन तेल अधिकृत दुकानातून सीलबंद डब्यात घेणे इष्ट ठरते.

हमी आणि कायदा

बाहेर काम केले तर हमी रद्द होते, हा समज बराच रूढ आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्यानुसार, ठरावीक नाममुद्रेचा माल किंवा ठरावीक ठिकाणची सेवा वापरण्याची अट उत्पादकाला हमीसाठी घालता येत नाही. तो माल वा सेवा विनामूल्य दिली असल्यास किंवा संघीय व्यापार आयोगाने सूट दिली असल्यास अपवाद होतो. मात्र चुकीच्या तेलामुळे किंवा सदोष कामामुळे झालेले नुकसान उत्पादकाने भरून द्यावे, असे हा कायदा म्हणत नाही. म्हणून स्वतः काम करणाऱ्याने तेलाची बिले, तारीख व किलोमीटरची नोंद जपून ठेवणे आवश्यक असते. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये वाहनांसाठी दुरुस्ती-हक्काचा कायदा करून स्वतंत्र गॅरेजांना निदानविषयक माहिती मिळण्याची तरतूद केली.

भारतात हा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे आला. अस्सल सुटे भाग, निदान-साधने आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला बाधक असल्याचा निष्कर्ष काढून आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार उत्पादकांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजकडून काम करून घेतल्यास हमी सरसकट रद्द होईल, अशी अट घालू नये, असा निर्देशही या आदेशात होता. पुढे २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने काही कंपन्यांबाबतचे निष्कर्ष कायम ठेवले व दंडाची आकारणी कमी केली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारवाहनांचाही समावेश आहे.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

निघालेल्या तेलात जड धातूंचे कण व विषारी संयुगे असतात. एका वेळच्या तेलबदलातील वापरलेले तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी दूषित करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांखाली वापरलेले तेल येते. ते गटारात किंवा जमिनीवर ओतणे, जाळणे, लाकडाला वा कुंपणाला लावणे अयोग्य आहे. ते कोरड्या, झाकणबंद डब्यात, पाणी, पेट्रोल किंवा कूलंट न मिसळता साठवावे आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत पोहोचेल अशा गॅरेजकडे वा सेवा केंद्राकडे द्यावे. स्वतः तेल बदलणाऱ्याने ही सोय काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवणे आवश्यक असते.

निवडीचे निकष

गाडी हमीत असेल, गिअरबॉक्स स्वयंचलित, सीव्हीटी अथवा दुहेरी क्लचचा असेल किंवा तेलाची पातळी पाहण्यासाठी निदान-यंत्र लागत असेल, तर सुसज्ज केंद्राची निवड अधिक सुरक्षित ठरते. हमी संपलेल्या, हस्तचलित गिअरबॉक्सच्या गाडीचे किंवा स्कूटरचे तेल साधने व सुरक्षित जागा असलेल्या व्यक्तीला स्वतः बदलता येते. कोणत्याही मार्गाने काम केले तरी कोणते तेल, किती प्रमाणात आणि किती किलोमीटरवर भरले, या तीन गोष्टींची लेखी नोंद मालकाजवळ असणे आवश्यक आहे. पुढचा बदल कधी करायचा हे त्या नोंदीवरूनच ठरते, आणि गाडी दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तिच्या गिअरबॉक्सचा पूर्वेतिहास कळण्यासही तीच उपयोगी पडते.

हे सुद्धा पहा

* वंगण
* गिअर
* क्लच
* डिफरन्शियल
* दुरुस्तीचा हक्क